लाटणं थांबतं तिथं

काकूंच्या घरी वरच्या खोलीत जायचं तर काकूंना ओलांडून जावं लागायचं. त्या जिन्यात बसून लिहायच्या. जिना अरुंद, दगडी, आणि काकू चांगल्या ऐसपैस. पाठीमागे एक उशी, मांडीवर परीक्षेला मुलं नेतात तसलं पॅड, आणि खालच्या पायरीवर चष्म्याची डबी, पेन्सिली, अर्धवट सोललेला लसूण.

कॉलेजसाठी बुऱ्हाणपुरात आले आणि ती वरची खोली भाड्यानं घेतली, त्या पहिल्या दिवशी मी बॅग घेऊन खाली तशीच उभी राहिले. वडीलधाऱ्या बाईच्या पायांवरून कसं जायचं? गावी, दापोऱ्याला, आमच्या घरी कोणी झोपलेलं असलं तरी वळसा घालून जातात. इथे वळसा घालायला जागाच नव्हती.

"उभी का राहिलीस?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"काकू, तुम्ही जरा..."

"मी उठले तर वाक्य जाईल. ओलांडून जा. माझी वाढ थांबायची ती कधीच थांबली."

मी चप्पल हातात घेतली आणि गेले. त्यानंतर तीन वर्षं मी रोज कॉलेजला जाताना आणि येताना काकूंना ओलांडलं. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मला शेवटपर्यंत थोडं वाटायचं.

घरात टेबल होतं, खुर्चीही होती. काकांनी हौसेनं करून घेतलेलं सागवानी टेबल. त्यावर इस्त्रीचे कपडे असायचे. "टेबलावर बसलं ना, की मला सुविचार सुचायला लागतात," काकू म्हणायच्या. "जिन्यात माणसं सुचतात." ते खरं असावं. त्या पायरीवरून उघड्या दारातून गल्ली दिसते, मागून स्वयंपाकघरातलं ऐकू येतं, आणि शेजारच्यांची भिंत तर इतकी पातळ की त्यांच्याकडे कोण रुसलं आहे ते कुकरच्या शिट्टीआधी आपल्याला कळतं.

काकू प्रेमाच्या कादंबऱ्या लिहायच्या. हलक्याफुलक्या, बारीक जाडीच्या, एका दुपारी वाचून होतील अशा. मुखपृष्ठावर एक मुलगी, एक मुलगा आणि बहुधा एखादी छत्री. अशी पुस्तकं लिहिणारं कोणी माणूस असतं, ते लसूण सोलतं, गॅस बंद केला का म्हणून विचारतं, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. आई-बाबा केळीच्या बागेत. घरात पुस्तकं म्हणजे एक पोथी आणि माझी शाळेची. शाळा हिंदी. मराठी आम्ही बोलायचो, वाचायचो नाही. सलग मराठी वाचायला मी काकूंच्या पुस्तकांतूनच शिकले. आधी अडखळत, मग जिन्याच्या वरच्या टोकाला बसून, त्या खाली लिहीत असताना.

आई मला भेटायला आली तेव्हा तिनंही काकूंना ओलांडलं, तेही पदर सावरून, नमस्कार करून. खोलीत आल्यावर हळूच म्हणाली, "काय लिहून राहिली गं ती बाई एवढं? हिशोब आहे का काही?"

"गोष्टी लिहितात."

"कोणाच्या?"

"कोणाच्याच नाही. मनातल्या."

आईनं वाकून खाली जिन्याकडे बघितलं. मग म्हणाली, "एवढ्या असतात?"

मी हे काकूंना सांगितलं. त्या इतक्या खूष झाल्या की आईला परत जाताना त्यांनी पिशवीभर चिवडा दिला.

काकूंच्या पुस्तकांचे काही कायदे होते. पहिला असा, की त्यांचं पुस्तक वाचून कोणीही रडत झोपायला जाता कामा नये. शेवटी लग्न ठरणार, आणि तेही सगळ्यांना पटून. "रडवणं सोपं असतं गं," त्या म्हणायच्या, "एक माणूस मारून टाकलं की झालं. हसवत लग्नापर्यंत न्यायला बिल्कुल वेगळी मेहनत लागते." दुसरा कायदा, पुस्तकात कोणी कॉफी पिणार नाही. "बुऱ्हाणपुरात कोण कोणाला कॉफी पाजतं? मावा जिलबी खाऊ घालतात. पाक हनुवटीवर ओघळतो. तिथून पुढे लिहायला काही तरी असतं. कॉफीनं काय ओघळणार?" आणि तिसरा, नायकात एक तरी खोट हवी. तो फार देखणा झाला की त्या त्याला चष्मा द्यायच्या, नाही तर सर्दी.

काका त्यांच्या कादंबऱ्या वाचायचे, पण फक्त चुका काढायला. प्रेमाच्या प्रसंगांवरून ते सरळ पुढे जात. एकदा जेवताना म्हणाले, "तुझी ती मुलगी संध्याकाळच्या गाडीनं नेपानगरला उतरली."

"हो. का?"

"ती गाडी नेपानगरला थांबत नाही."

काकूंनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, "तिच्यासाठी थांबली."

काकांनी मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी पायरीवर त्यांच्या अक्षरात थांबणाऱ्या गाडीची वेळ लिहून ठेवलेली चिठ्ठी होती. काकूंनी गाडी बदलली. मला वाटतं, त्या घरातलं प्रेम हे असं चालायचं.

लग्नाच्या दिवसांत काकू फार कामात असायच्या. ओळखीच्या, अर्ध्या ओळखीच्या, सगळ्या लग्नांना जायच्या. मंडपात पुढे बसायच्या नाहीत. नवरीच्या मैत्रिणी जिथे केसांत गजरे माळत असतात त्या खोलीत जाऊन एका कोपऱ्यात बसायच्या आणि पिना धरायच्या. गल्लीत मुलगी बघायचा कार्यक्रम असला की लोक काकूंना बोलवायचे, कारण त्या असल्या की गप्पा अडत नसत. आल्यावर आम्हाला सांगायच्या, "मुलाचा चमचा बशीवर वाजत होता. घाबरला होता बिचारा. घाबरलेला मुलगा चांगला. जो पोहे व्यवस्थित संपवतो ना, त्याच्याबद्दल नीट चौकशी करा."

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही लिहायला कोणाकडून शिकलात? कॉलेजात सर असं विचारायचे, प्रभाव कोणाचा म्हणून, आणि आम्ही पाठ केलेली उत्तरं लिहायचो. मला वाटलं काकू एखाद्या मोठ्या लेखकाचं नाव सांगतील. त्यांनी शेजारणीचं सांगितलं.

काकूंचं माहेर नेपानगरचं. वडील तिथल्या कागद कारखान्यात. कारखान्याच्या वसाहतीत देशभरातून आलेली माणसं, एकमेकांची भाषा अर्धीच कळणारी. त्यांच्या ओळीत एक बाई राहायची. ती खंडव्याला बहिणीकडे गेली की सिनेमा बघून यायची, आणि आल्यावर दुपारी सगळ्या बायका तिच्या दारात तांदूळ निवडायला बसायच्या. ती पूर्ण सिनेमा सांगायची, गाण्यांसकट, मारामारीसकट. लहानग्या काकू आईच्या मांडीला टेकून बसलेल्या.

"मला सिनेमा काय कळणार," काकू म्हणाल्या, "मी बायकांचे हात बघायचे. ताटात सगळ्यांची बोटं चालू असायची. आणि मध्येच एकदम सगळी थांबायची. तांदूळ तसाच, खडा तसाच. मग ती बाई पुढचं सांगायची आणि बोटं परत चालू. मला वाटायचं, ही जादू आहे. तिच्या हातात काही नाही आणि ती दुसऱ्यांचे हात थांबवते."

काकू पुढे आयुष्यभर हेच करत आल्या. त्यांचं प्रत्येक प्रकरण आधी बायकांपुढे वाचलं जायचं, आणि त्या वेळी बायका रिकाम्या हातांनी बसलेल्या चालत नसत. पाहिजे तर मटार सोला, शेवया करा, गोधडी शिवा. उन्हाळ्यात पापड. हात थांबले त्या ओळीपाशी काकू पेन्सिलीनं खूण करायच्या. एका प्रकरणात एकही खूण आली नाही तर ते प्रकरण गेलं. कितीही दिवस लागले असोत, त्या ते फाडून चहाच्या गाळणीखाली ठेवायच्या.

पण सगळ्यांचेच हात मोजले जात नसत. "बाकीच्यांचं काय, चहा आला तरी थांबतात," काकू म्हणायच्या. मोजायचे ते जिजींचे.

जिजी म्हणजे काकांची मोठी बहीण, काकूंची नणंद. मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. खकनारच्या शाळेत नोकरी केली, रोज बुऱ्हाणपुराहून बसनं येऊन-जाऊन, आणि तिथूनच निवृत्त झाल्या. बारीक, ताठ, बोलण्यात धार. आमच्या गल्लीच्या पापडांच्या त्या कप्तान. त्यांचा पापड कंपासनं काढल्यासारखा गोल, कडेपासून मध्यापर्यंत एका जाडीचा. काकूंना पापड लाटता येत नसे. त्यांच्या पापडाला जिजी "नकाशा" म्हणायच्या. म्हणून काकू वाचायच्या आणि बाकीच्या लाटायच्या, असं कायमचं ठरून गेलं होतं. माझं काम लाटलेले पापड गच्चीवर नेऊन जुन्या साडीवर पसरायचं, आणि संध्याकाळी उचलून डब्यात भरायचं.

माझ्या शेवटच्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकूंची जी कादंबरी चालली होती, तिच्यावर त्यांचा फार जीव होता. एरवी त्या लिहिताना गुणगुणायच्या. या वेळी गप्प असायच्या. मी ओलांडून गेले तर कागदावर हात ठेवायच्या. आणि एका दुपारी त्यांनी मधलं प्रकरण वाचायला काढलं.

त्यात एक नर्स होती. रोज बसनं लांबच्या गावी दवाखान्यात जाणारी. बसचा कंडक्टर तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायचा. जागेवर स्वतःची तिकिटांची बॅग ठेवायचा, आणि ती चढली की उचलायचा. एवढंच. मग एक दिवस कंडक्टरची बदली झाली. ती नर्स स्टँडवर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक बसमध्ये बघायची, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. पुढच्या प्रकरणात तो परत येणार होता, हे काकूंच्या आवाजावरूनच कळत होतं.

मी लाट्यांना तेल लावत होते. माझा हात थांबला. समोरच्या वहिनींनी तर डोळेच पुसले. पण जिजींचं लाटणं चालू होतं. एका लयीत, जरा जास्तच भरभर. काकू वाचता वाचता चष्म्याच्या वरून बघत होत्या. बॅग उचलली तेव्हा बघितलं. बदली झाली तेव्हा बघितलं. पेन्सिल हातात तशीच. प्रकरण संपलं.

"कसं वाटलं, जिजी?"

"ऊन उतरायला लागलंय," जिजी म्हणाल्या. "आटपा."

दुसऱ्या दिवशी जिजी आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणून निरोप आला. तिसऱ्या दिवशीही तेच. काकूंनी ते प्रकरण काढून बाजूला ठेवलं. "खूण नाही तर नाही," त्या म्हणाल्या, पण फाडलं नाही. मग जिन्यात बसणंच बंद झालं. मी कॉलेजातून आले की जिना मोकळा. सरळ वर जाता यायचं, आणि ते मला बिल्कुल आवडेना. काका दोनदा येऊन पायरी बघून गेले.

"जिजींना कंटाळा आला असेल माझा," काकू मला म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकतायत. एवढं चांगलं लिहिलं असं मला वाटलं, तेच नेमकं त्यांच्या हाताला लागलं नाही. आता मला कळणार कसं, काय चांगलं नि काय वाईट?"

मला काहीतरी सांगायचं होतं, पण सांगावं का ते कळत नव्हतं. त्या दुपारचे पापड संध्याकाळी मीच उचलले होते. त्यात जिजींचे ओळखू येतात. त्या दिवशी ओळखू आले नाहीत. कडा जाड आणि मधे इतके पातळ की खालच्या साडीची फुलं दिसावीत. उचलताना चार-पाच तर मधोमध फाटले. मी ते वेगळ्या डब्यात ठेवले होते. मला वाटलं, त्यांना बरं नसेल. पण विचार करत गेले तसं वाटायला लागलं की बरं नसलेल्या हाताला एवढा जोर नसतो. मी घरमालकिणीला, एवढी पुस्तकं लिहिलेल्या बाईला, हे काय सांगणार? शेवटी एका दुपारी मी डबाच नेऊन त्यांच्यापुढे उघडला.

"काकू, हे त्या दिवशीचे. जिजींचे."

"जिजींचे? असले?"

"हात थांबला नव्हता त्यांचा. पण... बघा ना, किती दाबलंय."

काकूंनी एक पापड उजेडात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"मी गाढव आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला सांगितलं. नर्स म्हणजे जिजीच. शाळेचा दवाखाना केला, खकनारचं नाव बदललं, बस मात्र तीच ठेवली. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी त्यांना कधीतरी सांगितलं होतं, की एक कंडक्टर होता, जागा धरायचा, मग तो गेला आणि पोरीनं लग्नाचं नावच टाकलं. काकूंच्या मनात ते इतकी वर्षं राहिलं होतं. "मला वाटलं, पुस्तकात तरी तो परत येईल. पुस्तकात तरी मी त्यांचं लग्न लावून देईन. त्यांना भेट द्यावी तसं. कळणारही नाही कोणाला."

"पण त्यांना कळलं," मी म्हणाले.

"हो. आता त्या परत येतात की नाही कुणास ठाऊक."

आम्ही दोघी मागच्या गल्लीत गेलो. काकूंनी प्रकरण पदराखाली घेतलं होतं. जिजी पोळपाटासमोर बसल्या होत्या, एकट्याच लाटत. गुडघे छान दुमडलेले.

काकूंनी कागद त्यांच्यापुढे ठेवले. "जिजी, हे तुम्हीच फाडा. कादंबरी पण नको. मी विचारायला पाहिजे होतं."

जिजींनी कागदांकडे पाहिलंही नाही. "विचारलं असतंस तर मी नाही म्हणाले असते."

"म्हणून तर नाही विचारलं."

"ते मला माहीत आहे. त्याचा राग नाही मला." त्यांनी लाटी उचलली, परत ठेवली. "बस, जागा, बॅग, सगळं लिही. पण तू मला भिंतीकडे तोंड करून पाडलंस. मी कधी पडले होते गं भिंतीकडे तोंड करून? सकाळी सातची बस असायची मला. पडायला टाइम कुठे होता?"

काकूंनी केसांत खोचलेली पेन्सिल काढली, ती ओळ खोडली आणि पेन्सिल परत खोचली.

"आणि बदली नव्हती झाली त्याची. आईला कोणी सांगितलं, तिनं तुला काय सांगितलं, देव जाणे." जिजींनी लाटणं उचललं आणि काकूंच्या पुढे धरलं. "घे. मी सांगते, तू लाट."

"मला कुठे येतंय?"

"नकाशा कर. पण हात चालू ठेव."

काकू बसल्या. मी लाट्यांना तेल लावायला घेतलं. जिजी भिंतीला टेकून बसल्या आणि शाळेत शिकवावं तशा सरळ आवाजात सांगू लागल्या.

"त्यानं विचारलं होतं. स्टँडवर, सगळे उतरल्यावर. चांगला माणूस होता. कान मोठे होते, ते तू लिहिलं नाहीस. मी एक रात्र विचार केला. मला तो आवडायचा. पण खरं सांगू का, मला ती खिडकी जास्त आवडायची. सकाळची हवा, केळीच्या बागा मागे पळतायत, पुढे माझी शाळा. कंडक्टरची बायको झाले असते तर बसमध्ये कशाला बसले असते? त्याच्या गावी घरी बसले असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला नाही म्हणून सांगितलं. तो ठीक आहे म्हणाला, तिकिटं मोजायला लागला."

काकूंचं लाटणं वेडंवाकडं का होईना, चालू होतं.

"रात्रभर मला एकच चिंता. प्रेमाची नाही. म्हटलं, गेली आपली जागा. आता खकनारपर्यंत रोज उभ्यानं. सकाळी स्टँडवर गेले. बस आली. गर्दी होती. मी मागूनच चढले, पुढे बघायचीही हिंमत नव्हती. तर तो पुढून ओरडला, बहनजी, आगे आइए. मी गेले पुढे."

जिजींनी पदर सारखा केला.

"बॅग तिथेच होती. खिडकीशी. त्यानं उचलली, मी बसले. त्यानंतर तो त्या बसवर होता तोवर एक दिवस चुकला नाही. त्याच्या लग्नाचे पेढेही त्यानं मला त्याच जागेवर आणून दिले. यात रडण्यासारखं काय आहे, सांग?"

बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. माझ्या बोटांवरचं तेल मनगटापर्यंत आलं होतं.

"पण जिजी," काकू शेवटी म्हणाल्या, "मग लग्न नाही लागणार शेवटी. माझ्या वाचणाऱ्या बायका मला सोडणार नाहीत."

"तुझा कायदा काय आहे? रडत झोपायला जाता कामा नये. लग्न झालंच पाहिजे असं कुठे आहे? मी गेले का रडत झोपायला? खिडकीत बसवून दे तिला नि संपव."

"आणि त्याचे कान?"

"मोठेच लिही."

काकू हसल्या. मग मी हसले, आणि जिजींनी आम्हा दोघींकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू वर्गात कोणी बोललं असावं. त्यांचं लक्ष काकूंच्या पोळपाटाकडे गेलं. तिथे अर्धा लाटलेला पापड होता, एका बाजूला पसरलेला, दुसऱ्या बाजूला जाड. जिजी 'बॅग तिथेच होती' म्हणाल्या तेव्हापासून तो तेवढाच राहिला होता.

जिजींनी काकूंच्या केसांत खोचलेली पेन्सिल काढून त्यांच्या तेलकट हातात दिली.

"हात थांबला तुझा," त्या म्हणाल्या. "कर खूण."